पाऊण टाकी

ऑक्टोबरात तो चढायचा मोटेलपाशी.
हातात बूट घेऊन जिना उतरायचा,
नाड्या बांधायचा बसमध्ये.
नोव्हेंबरात मावशीच्या तळघराबाहेरून.
नाताळानंतर टायरच्या दुकानामागून,
जिथे निळी व्हॅन रात्रभर
इंजिन चालू ठेवून उभी असे,
बंद ठेवून उभी असे,
पुन्हा चालू.

मी वर्ना कोस्की. डुलूथ गावची शाळेची बस,
मार्ग चौदा, सव्वीस हिवाळे.
थांब्यांच्या वहीत मुलांचे पत्ते मी पेनाने लिहिते.
ऑडेलचा पेन्सिलीने.

ऑफिसातली बाई म्हणाली,
फॉर्मवर कायमचा पत्ता लागेल.
त्याने विचारलं,
कायमचा म्हणजे किती दिवसांचा?

तिसरी शाळा ही त्याची.
पहिल्या शाळेत अपूर्णांक ईस्टरनंतर होते,
तो फेब्रुवारीतच निघाला.
दुसरीकडे पोचला तेव्हा शिकवून झाले होते.
इथे बाई म्हणाल्या, हे तर तुम्हाला येतंच,
आणि पान उलटलं.
मुलगा हुशार आहे हो.
ते पानच त्याच्या गावाला आलं नाही.

प्रगतिपुस्तकात शेरा: लक्ष देत नाही.
मी आरशात बघते ना रोज.
लक्ष असतं त्याचं. रात्रभर असतं.
काचेवर टॉर्च कोण मारतंय,
आई रात्रपाळीहून आली का,
धाकट्या जूनीचे पाय पांघरुणात आहेत का.
सकाळी नऊपर्यंत
संपतं ते.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना
मी नाव न घेता बोलले.
म्हटलं, एका पोराचे मोजे रोज ओले असतात.
कुणी चमचा ढवळत राहिलं.
कुणी विचारलं, आई काय करते त्याची?
दोन नोकऱ्या करते, म्हटलं,
आणि तिसरी, जागा शोधण्याची,
तिला सुट्टी नाही.

पुढचं फार सरळ झालं नाही.
खोलीच्या अनामतीसाठी डबा फिरवला,
भरला तोवर खोली दुसऱ्याला गेली.
पैसे कुणाचे किती परत, यावरून दोघी आजही बोलत नाहीत.
पण हॅरिएटने आपल्या लाँड्रीची चावी दिली, दर गुरुवारची,
आणि लिंडक्विस्ट, आयुष्यभर गोदीत वेल्डिंग केलेला,
कमी ऐकू येणारा,
तिथल्या बाकावर येऊन बसू लागला.
मशीन चाळीस मिनिटं फिरतं.
तेवढ्यात कपडे धुऊन होतात
आणि भागाकार अर्धा.
उरलेला ड्रायरला.

जूनी कोमट चादरींच्या ढिगात झोपते.
तिला उठवायची वेळ झाली
की लिंडक्विस्टला नेमकं ऐकू येत नाही.

एप्रिलात सरोवराचा बर्फ फुटला
आणि त्यांना जागा मिळाली. पुलापलीकडे.
आमच्या नकाशाबाहेर.
साहेब म्हणाले, अकरा मिनिटं वाढतील.
त्या अकरा मिनिटांसाठी चार बैठका झाल्या.
चौथीला मी मोजे घेऊन गेले. एक जोड.
टेबलावर ठेवले.
काही बोलले नाही, बोलायला मला जमतही नाही.

आता तो सगळ्यांत आधी चढतो.
बस रिकामी, बाहेर अंधार.
माझ्या मागच्या सीटवरून मान लांब करून
काटा वाचतो डिझेलचा.
अपूर्णांक आम्ही असे शिकलो:
सोमवारी भरलेली, बुधवारी अर्धी,
शुक्रवारी पाव, आणि माझी धाकधूक.

पाऊण, तो म्हणतो. म्हणजे पाव गेली.
गेलेलं आधी मोजायची सवय आहे त्याला.
पुरेल का? विचारतो.
शाळेपर्यंत पुरेल, मी म्हणते,
त्याहून पुढचं मला ठाऊक नाही, तर कशाला सांगू.

त्याचा थांबा अजून पेन्सिलीनेच आहे वहीत.
फक्त ह्या वेळी
जरा दाबून लिहिलाय.