बराक नंबर बावन्न

पहाटेची गाडी रुकडीला शिट्टी मारते,
तेव्हा माझी म्हैस पान्हा सोडते.
चरवी सायकलला अडकवून मी वळिवड्याच्या छावणीत.
बराक बावन्न, यानिना.
माझ्या तोंडात तिची जानाबाई झाली.
तिनं हरकत घेतली नाही.
घर गेलं, देश गेला,
एका नावाला कुठं कवटाळून बसायचं.

मराठी तिला तीन शब्दांची: दूध, किती, उद्या.
उद्या म्हणजे पैसे उद्या.
आधी बोट बुडवून बघते, पाणी घातलंय का.
वर्षभर बर्फ वितळवून प्यायलेली बाई,
पाण्याची जात तिला कळणारच.

सहा महिन्यांनी उमगलं,
तिचा नवरा आणि आमचा शिदू एकाच मुलखात आहेत.
कोळशानं तिनं पायरीवर बूट काढला,
पोटरीपाशी एक टिंब. मी शेजारी दुसरं.
पायताणासाठी आमच्या गावाचं नाव,
पण दोन घरची माणसं गिळून
रिकामंच राहणारं पायताण
आम्ही कधी शिवलं नाही.

शिदू कशासाठी गेला?
अठरा रुपयांसाठी, आक्काच्या लग्नासाठी,
आणि मला वाटतं,
बूट घालायला मिळतात म्हणून.
तिचा माणूस ज्या देशासाठी लढतो
तो नकाशात सापडेना;
छावणीतल्या मास्तरनं बोट फिरवलं, फिरवलं,
आणि खिशात घातलं.

तार आली तेव्हा मी गोठ्यात होतो.
म्हशीला सुतक नसतं. कास भरते.
धार काढली. मग विहिरीवर गेलो
आणि आयुष्यात पहिल्यांदा
चरवीत तांब्याभर पाणी ओतलं.
बघायचं होतं,
वर, खाली, कुठंतरी
कुणी बोट बुडवून बघतंय का.

तिनं बुडवलं.
नखावरचा थेंब उजेडाकडे धरला.
माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ.
पायरीवरची टिंबं
पोरांच्या पायांखाली पुसट झालेली,
कुठलं कुणाचं, सांगता आलं नसतं.

मग चरवी माझ्या हातात परत दिली
आणि म्हणाली, उद्या.

ते दूध नाल्यात ओतलं
की कुत्र्यांना घातलं, आठवत नाही.
सायकल हातात धरून चालत आलो.
दारात आई, भोवती बायका.
कुणीतरी म्हणालं, अशा दिवशी कुठं रे गेलावतास?
दुपार कलली होती.
गोठ्यात म्हैस हंबरत होती,
तटतटलेली.