बद्द

मिहानचं हँगर, मे महिना.
रंजू खंडाते पंखाखाली उताणी,
चिमटीत जुना जाड रुपया.
टक. टक. टक.

थर एकमेकांना धरून असले
की खणखणीत बोलतात.
आतून सुटले, तर बद्द.
वरून दोन्ही सारखेच गुळगुळीत.

इतवारीत आई असाच माठ वाजवायची,
कुंभाराच्या तोंडावर:
‘बद्द वाजते भाऊ, दुसरा दे.’

सातव्या-आठव्या रिव्हेटच्या मधे
बोटभर जागा
दबक्या आवाजात काहीतरी म्हणते.
रंजू कूलर बंद करायला लावते.
पुन्हा टक.
मग मेणाच्या पेन्सिलीनं
तेवढ्याच जागेला पिवळं गोल.

साहेब घड्याळ बघतात,
‘विमान पहाटे जायचंय.’

ती घामेजला रुपया
त्यांच्या तळहातावर ठेवते.
‘तुम्हीच वाजवून पाहा नं, सर.’