सोळा थाउ

कॅम्पात, इनास मास्तरांच्या दुकानात
दोन गिटारी शेजारी टांगल्यात.
एकीला सहा तारा, दुसरीला सात.
मी पर्समधून व्हर्नियर काढला
तशी मास्तर हसले, "गे, वाद्य आहे हे, बेअरिंग नव्हे."
तरी मोजलं. माझा धंदाच तो,
उद्यमबागेत दुसऱ्या पाळीला
दुसऱ्यांनी घडवलेलं मी मोजते, नापास करते.
सहावालीची मान बेचाळीस पॉइंट आठ,
सातवालीची अठ्ठेचाळीस.
पाच मिलिमीटर आणि वर थोडं.
माझी करंगळी तेवढ्यातच दमते.

पण ती खालची तार!
पांढरी सात, पार खर्जातली.
एकदाच छेडली
तर शोकेसमधल्या डग्ग्यानं आपणहून हुंकार भरला,
आणि बाहेर सिग्नलला थांबलेल्या एकानं
वाकून स्वतःच्या बुलेटचं इंजिन तपासलं.

मास्तर म्हणाले,
सितारीला सात असतात तेव्हा कोण हिशोब मागतं?

वडगावात, माग विकून रिकाम्या झालेल्या शेडमध्ये
रविवारी आम्ही चौघं वाजवतो.
मागांचे बोल्ट फरशीत अजून उभे आहेत.
बसूचा मोठा ड्रम त्यांतल्याच दोघांना बांधलेला,
नाहीतर वाजवता वाजवता तो दारापर्यंत जातो.
भिंतीपलीकडचा ट्रान्सफॉर्मर
पांढरी पाचात गुणगुणतो, किंचित चढा.
बँडला नाव नाही.
नाव सुचलंय, लिपी ठरत नाही.

बसू म्हणाला, "आरु साकल्ला?"
सहा पुरतात की, सगळं जग सहावरच चाललंय.
दस्तगीर बेस वाजवतो, तो चिडला,
"तुझी सातवी माझ्या हद्दीत शिरते.
मग मी काय करू, कडेला उभा राहू?"
हद्दीवरून भांडायचं नाही असा आमच्यात नियम आहे.
ते काम करायला गावात दुसरी माणसं आहेत.
मल्लेश काहीच बोलला नाही.
तो गाताना ओरडतो, आणि ओरडायला लागला
की भाषा कुठली ते त्याच्या आईलाही कळत नाही.

अडतीस हजार. बोनस एकोणीस.
पण खोटं कशाला बोलू, अडलं होतं ते पैशांवर नाही.
अकरा वर्षं सहाव्या तारेवर
जे म्हणायचं राहून गेलं
ते सातवी म्हणेल काय?
की तिथंही मी तेच दोन सूर उगाळत बसेन,
फक्त जरा खाली?

शनिवारी गेले आणि नुसत्या तारा घेऊन आले,
सातांचा एक संच.
मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, पावती फाडली.
जुन्या गिटारीवर खालून सहा चढवायच्या,
प्रत्येकीनं एकेक घर सरकायचं.
वरची, सगळ्यांत बारीक, तिला जागा नाही.

नवी तार बासष्ट थाउ जाड,
जुनी खाच सेहेचाळीसची.
म्हणजे सोळा थाउ घासायचे.
चार कागद एकावर एक ठेवले तर होतील तेवढे.

आता रात्रीचे साडेअकरा.
पाळीवरून आणलेली सुईसारखी कानस,
हाडाचा नट, ओट्यावरचा दिवा.
हाडाला जळका वास येतो,
दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा.
आतून आई विचारते, "काय गे घासतीस रात्रीचं?"
"काही नाही, खाच."
"झोप की मग."

दहा. बारा. चौदा.
कमी घासलेलं पुन्हा घासता येतं,
जास्त घासलेलं भरून येत नाही,
हे नापास पीस परत देताना
पोरांना रोज मीच सांगते.

दोन थाउ उरलेत.
कानस खाली ठेवून
वरची बारीक तार एकदा छेडली.
ती अजून तिच्या जागी होती,
सुरात,
आणि तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.