पावती

बुधवारी पहाटे गंगेवर पोचतो तेव्हा
बाजार अजून पोत्यांत बांधलेला असतो.
माझ्या काखेत महापालिकेचं पावतीपुस्तक :
वर अनुक्रमांक, खाली रक्कम,
नावासाठी रेघ नाही.

आज अनसूया निरभवणेच्या जागेवर
मोबाइलची कव्हरं मांडून इद्रिस बसलेला.
पोरगा मालेगावचा. रात्रीच्या टेम्पोनं आलेला.
जुन्या किल्ल्यांचं गाठोडं कमरेवर तसंच धरून
ती म्हणाली, ऊठ.
तो म्हणाला, का?

या 'का'वर रात्रीच्या कॉलेजात
आम्हाला सोळा मार्कांचा प्रश्न यायचा.
मी लिहायचो : जो आधी आला, त्याचं.
लिहायचो : ज्यानं घाम मिसळला, त्याचं.
मग 'परंतु' घालून पान उलटायचो.
सोळापैकी नऊ.

अनसूयाबाई परीक्षेला बसलेली नाही.
म्हणाली, बाकीच्या फरशा चाचपून बघ, मग ही बघ.
एकतीस वर्षं माझ्या लुगड्यानं गुळगुळीत केलीय.
दर पुरानंतर इथला गाळ मी हातांनी खरवडते.
तेव्हा होतास का?

इद्रिस म्हणाला, मावशी, साडेतीनला आलो
तेव्हा दगड कुणाचं नाव घेत नव्हता.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्या गाळातच अडकलो होतो.
तो येतो वरून, सोमेश्वरच्या पलीकडच्या मळ्यांतून,
कुणाच्या तरी गट नंबरातून,
चतुःसीमा लिहिलेल्या कागदातून निसटून.
जे खरवडून ती हक्क सांगते
ते कुणाचं तरी शेत असतं,
आणि त्यानंही कधी तिथं घाम मिसळलेला असतो.

आणि माझा सिडकोतला फ्लॅट?
त्याची एक वीट मी उचललेली नाही.
थोडे पैसे सासऱ्यांचे, बाकी बँकेचे,
माझा फक्त अंगठा,
तोही यंत्रानं दुसऱ्या खेपेला घेतला.
तिथं मला कुणी 'का' विचारत नाही.

पुस्तकाला एकच गोष्ट करता येते.
मी दोन पावत्या फाडल्या.
इद्रिस हातभर सरकला, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत.
ती बसली जिथं बसायची तिथंच
आणि गाठोडं सोडलं :
कुलपं हरवलेल्या शेकडो किल्ल्या.
मी उगाच विचारलं, यातली एखादी
माझ्या दाराला लागेल का?
लागेल की, ती म्हणाली.
मग घर कुणाचं, ते तुम्ही ठरवा साहेब.

पुढच्या बुधवारी बाजार भरला नाही.
दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात.

त्याच्या पुढच्या बुधवारी गेलो
तर दोघं वाकलेली.
त्याच्या हातात फळकुट, तिच्या हातात फुटकी थाळी.
सगळा घाट एकाच रंगाचा.
पुस्तक काखेत तसंच ठेवून मी उभा राहिलो.
गुळगुळीत कुठली, खरबरीत कुठली,
अजून दिसत नव्हतं.