काळा पडदा, पांढरा पडदा

कुंडईच्या पठारावर आमची कंपनी.
इंजेक्शनच्या कुप्या भरतात तिथे, करंगळीएवढ्या.
भरायचं काम यंत्राचं.
बघायचं आमचं.

दोन कुप्या चिमटीत धरायच्या,
मानेकडून हलकेच उलटायच्या, बुडबुडा येऊ न देता,
पाच सेकंद काळ्या पडद्यापुढे,
पाच पांढऱ्यापुढे.
पांढरा तंतू काळ्यावर सापडतो,
काळा कण पांढऱ्यावर.
सापडला की कुपी लाल डब्यात,
डब्याला कुलूप,
किल्ली शिरोडकरसाहेबांच्या गळ्यात.

मुलाखतीला मी बी. कॉम.ची गुणपत्रिका नेली होती,
प्लास्टिकच्या फाइलमधून.
ती कुणी उघडली नाही.
डॉक्टर माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाला, चालेल.

शेजारच्या स्टुलावर एस्पेरान्साबाय.
बावीस वर्षं.
"घड्याळाकडे बघशील तर कुपी निसटेल, गो.
अर्धं 'नमान मारिये' म्हणजे पाच सेकंद."
मला ते येत नव्हतं.
मी तेराचा पाढा धरला,
तेरा पंचे पासष्टला पडदा बदलायचा.

तासाला पाच मिनिटं डोळ्यांना सुट्टी.
खिडकीवर पाटी : दूरवर पाहा.
दूरवर शेजारच्या कारखान्याचे पत्रे,
त्यांच्यावर पाय पसरून सुकणारं कुणाचं तरी निळं शर्ट,
आणि एक काजूचं झाड, कंपाउंडमध्ये अर्धं.

वर्षभरात घरचं पाणीही मी दिव्यासमोर धरून प्यायला लागले.
आई म्हणे, अगं पी, विष नाही घातलंय.
मला बघायला साखळीहून एक मुलगा आला होता.
त्याचं नाव विसरले.
चष्म्याच्या डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

वर्षातून दोनदा डोळे तपासतात.
मे महिन्याच्या तपासणीआधी एस्पेरान्साबायने
बसमध्ये पावाच्या पुडीचा कागद माझ्या मांडीवर ठेवला.
"तक्त्याच्या खालच्या दोन ओळी लिही."
मी लिहिल्या.
माशेलपासून कुंडईच्या चढापर्यंत
ती डोळे मिटून म्हणत राहिली,
मी मधेच हळूच : डी नाही बाय, ओ.
त्या कुप्या कुणाच्या शिरेत जातात
हे आम्ही दोघींनी काढलं नाही.
आठ दिवस.
नवव्या दिवशी तिला पाठ झालं.

डॉक्टरने नवा तक्ता टांगला होता.
अक्षरंच नाहीत.
तीन दातांचे काटे, वर, खाली, डावीकडे,
तोंड कुठे ते हाताने दाखवायचं.
एस्पेरान्साबाय बराच वेळ उभी होती,
मग म्हणाली,
"सगळ्यांची तोंडं दाराकडे आहेत, दोतोर."
डॉक्टर हसला. शिरोडकरही.
तीही हसली, पदर नसतानाही खांद्यावर हात नेऊन.

आता ती खोक्यांना चिकटपट्टी लावते.
पगार तोच.
डोळ्यांचा भत्ता गेला, महिना सहाशे.

मला कायम केल्याचं पत्र मिळालं. पेढे वाटले.
तिचं स्टूल मला दिलं.
स्क्रू गंजलाय, उंची बदलत नाही,
माझे पाय लोंबकळतात.

गेल्या बुधवारी परीक्षा झाली आमची.
चांगल्या मालात दहा खराब कुप्या लपवतात,
कोण किती पकडतं बघतात.
मी अकरा काढल्या.
अकरावी घेऊन शिरोडकर काळ्यापुढे, पांढऱ्यापुढे,
पुन्हा काळ्यापुढे.
"काही नाही हिच्यात."
मी परत घेतली. होता.
केसाएवढा, वाकडा,
कुपी थांबवली तरी हळूहळू खाली उतरणारा.

तासाच्या सुट्टीत खिडकीशी गेले.
पत्र्यांवर होता.
काजूवर होता.
आभाळात तर स्पष्टच,
मी डावीकडे पाहिलं की डावीकडे.

कुणाला सांगितलं नाही.
संध्याकाळी बसमध्ये मुद्दाम मागे जाऊन बसले, तिच्याजवळ.
बाणस्तारीच्या पुलावर दिवे लागले तेव्हा विचारलं,
बाय, त्या नव्या तक्त्यातले काटे
कुठल्या क्रमाने होते, आठवतं?

तिने माझ्याकडे वळून पाहिलं, जवळून, एकेका डोळ्यात.
डब्यातला अर्धा उंडा मोडून माझ्या हातावर ठेवला.
"मला दिसले असते
तर सांगितले नसते का, गो?"