दुसरा ब्रेक

माझ्या पायाखाली एक ब्रेक आहे
जो तुमच्या गाडीत नसतो.

सकाळी सहाला बेसा रोडच्या रिकाम्या लेआउटमध्ये,
मग मेडिकल चौक, मग थेट बर्डीच्या गर्दीत
डाव्या सीटवर बसून मी शहर शिकवतो.
तोंडानं म्हणतो, घाबरू नका, मी आहे ना.
पाय काहीच म्हणत नाही.
तो बावीस वर्षं नुसता बघतोय.

वासेकरबाई, वय एकोणसाठ, पोस्टातून रिटायर,
स्टीअरिंग अशा धरतात
जसं शेजारणीचं तान्हं दोन मिनिटांसाठी हातात आलं.
सिग्नल हिरवा झाला तरी आधी डावीकडे बघतात,
मग उजवीकडे.
मागून हॉर्नचा कल्ला,
"काऊन थांबली बे ही?"
मी म्हणतो, वाजू द्या बाई.
घाई त्यांची आहे, गाडी तुमची आहे.

आणि तो हेमल.
बारावीच्या निकालाआधीच बापानं गाडी बुक केलेली.
तिसऱ्या दिवशी म्हणाला,
"सर, येते मला. लायसनचं तेवढं करून द्या ना."
त्याच दिवशी मानेवाडा रोडला
उभ्या ट्रकच्या पुढून एक चाक निघालं.
फक्त चाक.
सायकल अजून दिसायची होती,
सायकलवरची पोरगी त्याच्याही मागे.
माझ्या पायाला तेवढं पुरलं.

पोरगी गेली शिकवणीला.
तिला कळलंसुद्धा नाही.
हेमल म्हणाला, "मी दाबणारच होतो सर."

सगळेच दाबणार असतात.

मे महिन्यात या, गंमत दाखवतो.
दुपारी दोनला अख्खं नागपूर
पांढऱ्या पट्टीच्या पन्नास फूट मागे थांबतं,
जिथं कडुलिंबाची हातरुमालाएवढी सावली पडलेली असते तिथं,
स्कूटरला स्कूटर चिकटवून, दुपट्टे गुंडाळून,
ना पोलीस, ना पावती.
मी शिकणाऱ्यांना म्हणतो, बघून ठेवा,
थांबता येते बरं आपल्याला.

या पायाचं एक वाईट आहे.
तो सुट्टी घेत नाही.
अमरावतीच्या बसमध्ये पुढच्या सीटचा पत्रा दाबतो.
मेहुण्याच्या गाडीत पायपुसणं दाबतो,
मेहुणा वाईट मानतो.
काकांच्या तेरवीला एक जण बोलायला उभा राहिला
आणि थांबेचना,
तेव्हाही दाबला.
उपयोग झाला नाही.

रात्री साडेनऊला निकेश बुटीबोरीला निघतो.
रात्रपाळी.
हेल्मेट घालतो, पट्टा लावतो का ते मी विचारत नाही,
पंचविशीच्या पोराला किती विचारायचं.
खाटेवर बसून ऐकतो.
गल्ली. किराणा दुकान. वळण.
वळणावर दुसरा गिअर हवा,
हा तिसऱ्यातच.
आवाजावरून कळतं मला.
आणि माझा पाय फरशीवर जातो,
टाच उचलून, चवडा रोवून,
पूर्ण खालपर्यंत.

"पाय काऊन दाबून राहिले?" ही विचारते.
गोळा आला, म्हणतो.
ती तेल आणते, पोटरी चोळते.
"सोडा ना, सैल सोडा."
दूर वर्धा रोडला ट्रक
रात्रभर गिअर बदलत राहतात.

सकाळी सात दहा.
वासेकरबाई रिव्हर्स घेताहेत,
मान वळवून, ओठ दाताखाली धरून,
मागे लेआउटची कंपाउंड भिंत.
माझ्या खिशात फोन एकदाच वाजतो
आणि बंद होतो.
पोरगा घरी पोचला.
मी फोन काढत नाही. गाडी चालू असताना काढायचा नसतो.

गाडी थांबते.
भिंत हातभर लांब.
"सर," बाई धापा टाकत विचारतात,
"ब्रेक तुम्ही मारला की मी?"

मी खाली वाकून बघतो.