टेबल कुठं ठेवायचं

टेबल डोक्यावर धरून मी उभा होतो.
कोतवालाचं काम एवढंच.
चिंचेच्या अलीकडं ठेवलं तर खराड्यांची हद्द,
पलीकडं ठेवलं तर चौगुल्यांची,
आणि मधे जी पाणंद होती म्हणतात
तिथं सात वर्षांची घायपात.

होवाळ मॅडमनी विचारलं, काय झालं गजा?
म्हटलं, ठेवू कुठं?
दोन्हीकडनं चाळीस माणसं बघत होती.
जेसीबीवाला तंबाखू मळत होता,
त्याचा तास चालू.

जीपमध्ये ठेव परत, म्हणाल्या.

आणि ओढणी कमरेला बांधून घायपातीत शिरल्या.
टेपचं एक टोक जिन्नाप्पा चौगुल्यांच्या हातात,
दुसरं धोंडीराम खराड्यांच्या.
सात वर्षांत दोघांनी एका वस्तूला हात लावला
तो असा, तीस मीटरच्या अंतरावरनं.

मोजलं. परत मोजलं.
तिसऱ्यांदा मॅडमनी नकाशा भुईवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
म्हणाल्या, गेल्या वर्षीचा हुकूम माझा होता.
त्यात नऊ फुटांची चूक आहे.
चूक माझी.

तहसीलदार असं बोललेला
मी एकोणतीस वर्षांत ऐकला नाही.
तलाठी आप्पा उगाच खोकले.
मागं कुणीतरी हसलं, एकटंच,
आणि गप्प झालं.

मग आता? खराडे म्हणाले.
आता मलाही ठाऊक नाही.
तुमची द्राक्षं कुठल्या वाटेनं जातात?
ओढ्यातनं.
आणि तुमची?
ओढ्यातनंच की.
दोघांच्या पेट्या त्याच दगडांवर आपटत होत्या,
दलाल दोघांचेही किलोमागं दोन रुपये कापत होता.
हे बांधावरच्या कावळ्यालाही माहीत होतं,
एकमेकांच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

दिवस कलताना सहा फूट इकडनं सुटले,
साडेपाच तिकडनं.
अर्ध्या फुटावर जिन्नाप्पांची सून आडवी आली,
तिथं तिची शेवग्याची ओळ.
मॅडमनी पेन थांबवलं, झाडं मोजली,
आणि हुकमात एक वळण लिहिलं.

सगळं मिटलं असं नाही.
खराड्यांच्या धाकट्यानं सही केली नाही,
प्रांताकडं अपील करणार म्हणतो.
करू दे, त्याचा हक्क आहे, मॅडम म्हणाल्या,
आणि कुठल्या खिडकीत अर्ज द्यायचा तेही सांगितलं.
जेसीबीवाल्यानं पाच तासांचं बिल लावलं,
काम चाळीस मिनिटांचं.

अंधारात निघालो तेव्हा त्यांना आठवलं,
गजा, टेबल काढलंच नाही की रे.
सह्या बॉनेटवर झाल्या, मी म्हटलं.

ते मागं खडखडत राहिलं,
तासगावपर्यंत.